पुढे सरकवलेला प्याला

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री आमच्या घरात मनुका भिजत पडतात. हे काम आजीचे. पहाटे उठून ती त्या मनुका उकळते, हाताने कुस्करते, स्वच्छ धुतलेल्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळते आणि तो तांबूस गोड रस बाटलीत भरून पाळकसाहेबांकडे पाठवून देते. आमच्या मंडळीचा द्राक्षारस तो हाच. खेड्यातली मंडळी, शहरातून काही मागविण्याची ऐपत पूर्वी नव्हती. आता ऐपत आली, तरी आजीचा नेम मोडलेला नाही.

पण गेली तीन वर्षे या रसाचा एक थेंबही आजीने तोंडाला लावलेला नाही! प्याल्यांचा ट्रे तिच्यापाशी आला की ती तो दोन्ही हातांनी धरते, क्षणभर डोळे मिटते आणि तसाच शेजारणीकडे सरकवते. भाकरीचे ताटही तसेच. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, तिला बरे नसेल. दुसऱ्यांदा वाटले, उपास असेल. तिसऱ्या महिन्यात मात्र माझ्या लक्षात आले, की हे काही निराळे आहे.

वार्षिकासाठी लिहायला बसले तेव्हा श्रद्धा, धर्म, आधुनिक काळ असे मोठमोठे शब्द मनात गोळा झाले होते. पण लेखणी उचलली की डोळ्यांपुढे तो ट्रेच येई. म्हणून त्याच्याविषयीच लिहिते.

माझ्या बहुतेक मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. धरला गेला त्याच रात्री येशू आपल्या शिष्यांसह जेवायला बसला. त्याने भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि माझ्या आठवणीसाठी हे करीत जा, असे सांगितले. तेव्हापासून जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या हे भोजन करीत आल्या आहेत. आमचा नेवासे तालुका म्हणजे ज्ञानेश्वरीची भूमी. इथे गावोगाव सप्ताह बसतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि मग लहानथोर सारे एकच काला वाटून खातात. दोन्हींमागची कथा आणि अर्थ अगदी वेगळे आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी समजून घ्यायला हा दाखला जवळचा वाटतो. वेगळे ताट मांडून काला खाता येत नाही. प्रभुभोजनही येत नाही.

आमच्या घराण्यात या प्याल्याला आणखी एक अर्थ आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य गावकुसाबाहेरचे होते. आमचे पूर्वजही त्यांतलेच. गावच्या विहिरीवर पोहरा टाकण्याची त्यांना मुभा नव्हती. कुणी दया केली तर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आजी सांगते, तिचे आजेसासरे पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले, तेव्हा मंडळीत एकच मोठा प्याला फिरत असे. त्यांच्या अगोदर उंच जातीतून आलेले एक मास्तर बसले होते. मास्तरांनी घोट घेतला, फडक्याने कड पुसली आणि प्याला आजेसासऱ्यांच्या हातात दिला. "त्यांचं हात असं थरथरलं," आजी म्हणते, "की निम्मा रस अंगरख्यावर सांडला. तो डाग त्यांनी मरेस्तोवर धुतला न्हाई म्हणत्यात."

डागाची गोष्ट खरी की घरात वाढत गेलेली, कोण जाणे! पण ती ऐकतच मी लहानाची मोठी झाले. हा प्याला आमच्याकडे विधी म्हणून आला नाही. माणूसपण म्हणून आला.

आता तीन वर्षांपूर्वी काय घडले ते सांगते. आमची जुनी चर्चची इमारत दगडमातीची, वर कौले. पावसाळ्यात दोन ठिकाणी घमेली ठेवावी लागत. ती पाडून नवी बांधावी असे काकांचे आणि तरुण मंडळींचे मत. जुनीच दुरुस्त करावी असे माझ्या वडिलांचे आणि म्हाताऱ्यांचे. दोन्ही मतांत काही वावगे नव्हते. पण वडील मंडळीचे खजिनदार होते. वार्षिक सभेत काका उभे राहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "आधी मागचा हिशेब दाखवा." हिशेब निघाला. काही पावत्या गहाळ झालेल्या, चार हजार तीनशे रुपयांचा मेळ बसेना. वडिलांनी दुसऱ्या दिवशी ती रक्कम पदरची भरली. पण तोपर्यंत कुणीतरी "खाल्ले" हा शब्द उच्चारला होता. तो काकांनी उच्चारला नव्हता, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी मात्र आमच्या घराला तो काकांच्याच तोंडचा वाटला.

तेव्हापासून दोन्ही भाऊ बोलेनासे झाले. अंगण एकच, मध्ये तुळयांचा ढीग घालून त्याचे दोन भाग पाडले गेले. चर्चमध्येही वडील उजवीकडे, काका डावीकडे. दोघेही उपासना चुकवीत नसत. दोघेही डोळे मिटून प्रार्थना करीत. दोघेही त्याच ट्रेमधला प्याला उचलीत. आणि त्यांची आई तो पुढे सरकवीत असे.

या भांडणात मी कुठे होते? ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग हाच, आणि लिहायला जड जाणाराही हाच.

काकांना माझ्याच वयाची मुलगी आहे. शब्बाथशाळेत आम्ही दोघी एका सतरंजीवर बसून वचने पाठ केली. शाळेत एका डब्यात जेवलो. सभेनंतर मी तिच्याशी बोलणे टाकले. मला कुणी तसे सांगितले नव्हते. वडिलांचा अपमान झाला, म्हणून मी माझ्यापुरता हा निष्ठेचा मार्ग शोधून काढला. ती तालुक्याला नर्सिंगच्या वर्गाला जाते. सकाळी एकाच एसटीत आम्ही चढतो. मी पुढे बसते, ती मागे.

त्याच काळात मी तरुण संघाची चिटणीस झाले. आमची उपासना हळूहळू बदलत होती. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आला, 'उपासना संगीत'ऐवजी पडद्यावर गीतांचे शब्द उमटू लागले. यात वाईट काही नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीने अभंग आणि कीर्तनही असेच आपलेसे केले होते. मलाही नव्या गीतांत रमायला आवडे. मग तालुक्याचे तरुणांचे शिबिर भरले आणि मला साक्ष द्यायला उभे केले. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांपुढे सांगणे. मी प्रेम आणि क्षमा यांवर बोलले. आवाज कापरा झाला, डोळ्यांत पाणी आले. पुष्कळांनी नंतर हात हातात घेतले. शेवटच्या रांगेत माझी बहीण बसली होती. मी "क्षमा" हा शब्द उच्चारला तेव्हा ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी पाहिले. पाहूनही बोलत राहिले.

त्या रात्री घरी आल्यावर मी आजीला विचारले, "आजी, तू प्याला का घेत नाहीस?"

ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "पोरी, माझी दोन लेकरं एकमेकाचं तोंड बघत न्हाईत. देवानं मला इचारलं, तुझी लेकरं कुठंयत, तर काय सांगू? ज्या प्याल्यानं आपल्याला माणसांत आणलं, तो खोटेपणानं कसा पिऊ?"

"पण भांडण तुझे नाही. तू कशाला स्वतःला शिक्षा करून घेतेस?"

"शिक्षा न्हाई गं. मी थांबले हाय. जेवायला सगळी येईस्तोवर आई थांबती का न्हाई? तशी."

मला पुढे काही बोलता आले नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात येशूचे एक सांगणे आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवले, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. शब्बाथशाळेत हे वचन मी पाठ म्हणून दाखवून बक्षीस मिळविले होते. पण त्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात कधीच आली नव्हती. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे चूक कुणाची याचा निवाडा लागेपर्यंत थांबायची सोयच नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे.

हे दुखणे आजचेही नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचावा. येशूनंतर पुरती तीस वर्षेही झालेली नव्हती. तरी त्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन आपापले खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहात. पौल त्यांना स्पष्ट बजावतो, की तुम्ही करता ते प्रभूचे भोजन नव्हेच, एकमेकांसाठी थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रात आजीचा "थांबले हाय" हा शब्द सापडला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजीची शाळा दुसरीपर्यंतची. तिने ते पत्र कानांनी ऐकले आणि हातांनी पाळले.

आपल्या मराठी मातीतही अशी माणसे होऊन गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, पण सोवळेओवळे घेऊनच आल्या. मग विचार करता करता त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला, आणि तोही बाप्तिस्मा घेण्यापूर्वी! 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. नाव बदलण्याआधी त्यांचे वागणे बदलले होते. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे होते. टिळकांनी स्वतः 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' काढला. दोन वर्षांनी ते वारले. दरबार फार टिकला नाही. तरी चर्चच्या भिंतींपेक्षा भक्तांचे बंधुत्व मोठे, ही त्यांची ओढ आजही आम्हांला लाजवते.

आमच्या एका प्राध्यापकांनी मला डीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाविषयी सांगितले. हिटलरच्या राज्यात चर्च भरलेली होती, गीते गाइली जात होती, आणि शेजारचा ज्यू नाहीसा होत होता. बोनहॉफरने 1937 मध्ये लिहिले, की पश्चात्तापावाचून मिळणारी क्षमा आणि अनुसरणावाचून मिळणारी कृपा ही स्वस्तातली कृपा होय. मंडळीची खरी वैरीण तीच. हिटलरला विरोध केल्याबद्दल 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आली. कुठे तो आणि कुठे मी! पण "स्वस्त" या शब्दाने मला माझी साक्ष आठवली. माझे अश्रू खोटे नव्हते. ते स्वस्त होते. त्यांच्यासाठी मला अंगणाच्या पलीकडे जावे लागले नव्हते.

आजच्या चर्चविषयी बोलताना तरुण मुले म्हणतात, उपासना कंटाळवाणी आहे. म्हातारी म्हणतात, उपासनेचा तमाशा झाला. मला दोन्ही तक्रारी वरवरच्या वाटू लागल्या आहेत. कीबोर्ड काढला आणि पेटी ठेवली म्हणून आमच्या अंगणातला तुळयांचा ढीग हलणार नाही. 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काही ठिकाणी मोबाईलसमोर बसून घरोघर प्रभुभोजन घेतले गेले. तो अडचणीचा काळ होता. कुणाला नावे ठेवायची नाहीत. पण आजी तेव्हा म्हणाली होती, "एकट्यानं घ्यायला ते काय औषध हाय?" तो घाव यंत्रावर नव्हता. शेजारी कोण बसले आहे हे न पाहता घेतलेला प्याला चर्चमध्येही एकट्यानेच घेतलेला असतो.

एकीचे मोठे समारंभ आम्ही केले आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. फार मोलाची गोष्ट. पण सहा मंडळ्या एक होऊ शकतात, आणि एका आईचे दोन मुलगे एका बाकावर बसू शकत नाहीत! जातीचेही तसेच. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंना मिळाला; 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती दलितांना मात्र नाही. या अन्यायाविरुद्ध आमचे लोक बोलतात आणि बोललेच पाहिजे. पण त्याच घरात सोयरीक जमविताना "मूळचे कोणते?" हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. आजेसासऱ्यांच्या अंगरख्यावरचा डाग आम्ही गोष्टीत जपला आणि व्यवहारात धुऊन टाकला, असे म्हटले तर चुकेल काय?

असो. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पुढे काय झाले तेवढे सांगते.

पुढच्या महिन्यात ट्रे माझ्यापाशी आला. मी तो धरला. आत आजीने गाळलेला रस. मागच्या बाकांवर कुठेतरी माझी बहीण. मी ट्रे पुढे सरकवला. हात थरथरले, हे खरे. पलीकडच्या बाकावरून वडिलांनी पाहिले.

घरी आल्यावर त्यांनी विचारले, "काय झालं? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे, बाबा. मला आधी काकांच्या घरी जाऊन यायचंय."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. ते रागावतील, असे मला वाटले. मग नुसते म्हणाले, "जा."

तुळयांच्या ढिगाला वळसा घालून मी गेले. जेमतेम वीस पावलांचे अंतर. काकू कपडे वाळत घालीत होत्या. त्या मला पाहून थांबल्या. बहीण आत होती. घरातून जे बोलायचे ठरवून निघाले होते त्यातले काही आठवले नाही. मी म्हटले, "माझं चुकलं." ती लगेच गळ्यात वगैरे पडली नाही. म्हणाली, "तू स्टेजवर रडलीस ना, त्याचा मला फार राग आला होता. मला वाटलं, उतरून इकडे येशील." मी गप्प राहिले. यावर काय बोलणार? थोड्या वेळाने ती आत गेली आणि तिने चहा टाकला. काका ओट्यावर बसले होते. जाताना त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "दादाचा गुडघा कसाय आता?" मी ते तसेच्या तसे घरी येऊन सांगितले. वडिलांनी ऐकले आणि वर्तमानपत्र उलटेच धरून वाचीत बसले.

त्यापुढे चमत्कार झाला नाही. तुळया अजून तिथेच आहेत. दोघे भाऊ अजून दोन बाजूंना बसतात. एवढेच, की परवा वडिलांनी जुन्या हिशेबाची वही काढून काकांकडे माझ्या हाती पाठविली, आणि काकांनी ती न उघडता परत पाठविली, म्हणाले, "सांग, मला बघायची नाही." वडिलांना याचा अर्थ लागेना. मला लागला आहे असे वाटते. पण तो त्यांचा त्यांनाच लागला पाहिजे.

मी आणि बहीण आता एसटीत एका बाकावर बसतो. मी पुन्हा प्याला घेऊ लागले आहे. आजी अजून घेत नाही. तिची पंगत अजून पुरी बसलेली नाही.

श्रद्धा खरी आहे की नाही हे कसे ओळखावे, असे मला कुणी विचारले, तर माझ्याजवळ मोठे उत्तर नाही. किती उंच आवाजात गाइले, किती लांब प्रार्थना केली, चर्चची इमारत दगडमातीची की सिमेंटची, यांवरून ते कळत नाही, एवढे मात्र मी शिकले. आपल्या घरापासून वीस पावलांवर कोण राहाते आणि तिथपर्यंत आपण जातो की नाही, यावरून कदाचित कळत असेल. हे ख्रिस्ती माणसापुरतेच खरे आहे, असेही मला वाटत नाही. काल्याच्या पंगतीत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींनीही आपापले अंगण आठवून पाहावे.

येत्या रविवारी पहिला रविवार आहे. आज संध्याकाळी आजीने मनुका निवडायला घेतल्या. समोर आम्ही दोघी बसलो होतो, ताट मध्ये ठेवून. निवडता निवडता तिने बाहेर अंगणाकडे पाहिले आणि नेहमीपेक्षा मूठभर मनुका जास्त घातल्या.

(तृतीय वर्ष, कला)